अनुदानाचा अर्ज नावाच्या स्पेलिंगपाशी अडतो

मा. संपादक महोदय,
स. न. वि. वि.

सरकारी अनुदानाच्या योजना सीमाभागातील मराठी माणसापर्यंत पोहोचत नाहीत, अशी तक्रार आपल्या पत्रस्तंभात वरचेवर वाचायला मिळते. ती निराधार नाही. मात्र शिक्षकाच्या नोकरीतून निवृत्त झाल्यावर खानापूर तालुक्यातील माझ्या गावात शेजाऱ्यापाजाऱ्यांचे अर्ज भरून देताना मला वेगळेच दिसून आले. योजना ठाऊक असते, पात्रताही असते. अर्ज अडतो तो अर्जदाराचे नाव तीन कागदांवर तीन तऱ्हांनी लिहिलेले असते म्हणून.

आमच्या पिढीचा शाळेचा दाखला मराठीत, जमिनीचा उतारा कन्नडमध्ये आणि आधार कार्ड कन्नड व इंग्रजीत. 'ज्ञानेश्वर' हे नाव आपण मराठी उच्चाराप्रमाणे इंग्रजीत 'डी'पासून लिहितो, कन्नडवरून इंग्रजीत नेणारा तेच 'जी' किंवा 'जे'पासून लिहितो, आणि संगणकाच्या लेखी ही निरनिराळी माणसे ठरतात. बायकांची अडचण याहून मोठी आहे. लग्नात सासरी नाव बदलण्याची आपली रीत असल्याने माहेरचे नाव दाखल्यावर, सासरचे रेशनकार्डावर आणि बँकेच्या पासबुकावर भलतेच, असे प्रकार मी इतके पाहिले आहेत की आता अर्ज हाती घेण्यापूर्वी सगळे कागद ओळीने मांडून आधी नावेच ताडून पाहतो.

कर्नाटकात कृषी, फलोत्पादन, रेशीम किंवा पशुसंगोपन खात्याचे अनुदान हवे असेल, तर शेतकऱ्याची नोंद आधी राज्याच्या 'फ्रूट्स' या शेतकरी नोंदणी प्रणालीत होऊन त्याला एफआयडी, म्हणजे शेतकरी ओळख क्रमांक, मिळावा लागतो. आधार, सर्व्हे नंबर आणि बँक पासबुक घेऊन गेल्यास कृषी खात्याच्या रयत संपर्क केंद्रात ही नोंद होते. पण उतारा अजून आजोबांच्या नावावर असेल, तर कसणाऱ्याच्या नावाने जमीन जोडली जात नाही. वारसा नोंद करायची म्हटले की एक भाऊ गोव्यात, दुसरा मुंबईत आणि आत्या सासरी. सह्यांसाठी सगळे एकत्र येणार ते गणेश चतुर्थीला. माझ्या एका शेजाऱ्याने तुषार सिंचनाच्या पाइपांसाठी अर्ज केला होता. नावातील फरकासाठी त्याला प्रतिज्ञापत्र आणायला सांगण्यात आले, आणि ते घेऊन तो पुन्हा गेला तेव्हा त्या वर्षाचे उद्दिष्ट संपल्याचे उत्तर मिळाले. कार्यालयाचे नाव घेण्यात अर्थ नाही. पहिल्याच खेपेला सगळ्या त्रुटी एकदम सांगितल्या असत्या, तर एवढी पायपीट झाली नसती, इतकेच म्हणणे आहे.

दुसरी गोष्ट एजंटांची. केंद्राच्या सूक्ष्म अन्नप्रक्रिया उद्योग योजनेत, जी 2020 साली सुरू झाली, बेळगाव जिल्ह्यासाठी गूळ हे उत्पादन निवडलेले आहे. प्रकल्प खर्चाच्या 35 टक्के, कमाल 10 लाख रुपये, असे तिचे कर्जाशी जोडलेले अनुदान आहे. अर्ज आणि प्रकल्प अहवाल तयार करण्यास मदत करण्यासाठी जिल्हा संसाधन व्यक्ती नेमलेल्या असून त्यांचे मानधन सरकार देते, अर्जदाराने त्यांना काही द्यायचे नसते. हे ठाऊक नसल्यामुळे गुऱ्हाळ सुधारू पाहणारे लोक मध्यस्थाला पैसे मोजतात. शिवाय अनुदान आधी हातात पडते, हा समजही चुकीचा आहे. किमान 10 टक्के रक्कम स्वतःची घालावी लागते, उरलेले बँकेचे कर्ज असते, आणि अनुदान कर्जखात्याशी जोडून 3 वर्षे राखून ठेवले जाते. हे माहीत नसलेला माणूस पुढे हप्ते थकवतो आणि योजनेलाच नावे ठेवतो.

अर्ज दिल्यावर पोच घेण्याचा आग्रह आपली माणसे धरत नाहीत, याचेही वाईट वाटते. कर्नाटकात 2011 चा 'सकाल' कायदा आहे. त्याखाली येणाऱ्या दाखल्यांच्या व नोंदींच्या कामांना मुदत ठरलेली असते आणि पोचीवरील क्रमांकाने अर्ज कुठे थांबला आहे ते पाहता येते. अर्ज कन्नडमध्ये भरावा लागला तरी गाऱ्हाणे मराठीत मांडण्याची मुभा घटनेच्या अनुच्छेद 350 ने प्रत्येकाला दिली आहे. भाषेच्या हक्कासाठी आपण रस्त्यावर उतरतो, आणि उतरलेच पाहिजे. पण याच हक्काने लिहिलेला साधा तक्रार अर्ज मला आजवर क्वचितच दिसला.

आपल्या दैनिकाला विनंती आहे ती अशी. योजना जाहीर झाल्याची बातमी आपण देताच. तिच्यासोबत अर्ज कोणत्या कार्यालयात द्यायचा, अखेरची तारीख कोणती, कोणते कागद लागतात आणि कन्नड अर्जातील रकान्यांचा मराठीत अर्थ काय, हे आठवड्यातून एकदा चौकटीत छापावे. वारसा नोंद आणि नावदुरुस्तीविषयीची चौकट मात्र मार्च-एप्रिलमध्येच यावी, कारण मृगाचा पाऊस लागला की शेतकऱ्याला तालुक्याला जायला सवड नसते. कन्नड अर्ज मराठीत समजावून लिहिण्याचे काम माझे दोन निवृत्त सहकारी आणि मी विनामोबदला करून देऊ.

आपला,
एक निवृत्त शिक्षक,
ता. खानापूर, जि. बेळगाव