दुसरी बाटली भरणाऱ्या सिस्टरना

सिस्टर, नमस्कार.

काल आपल्या पेशंटच्या गाठीचं 42 दिवसांचं कल्चर, म्हणजे नमुन्यातला जंतू लॅबमध्ये वाढवून बघायची तपासणी, पूर्ण झालं. टीबीचा जंतू वाढला नाही. रिपोर्ट वाचला आणि आधी तुम्हीच आठवलात.

दुर्बिणीच्या तपासणीत छातीतल्या गाठीचा नमुना निघाला, तेव्हा कुणी न सांगता तुम्ही त्याचे दोन भाग केलेत. एक फॉर्मॅलिनमध्ये, म्हणजे नमुना टिकवणाऱ्या रसायनात, दुसरा साध्या सलाईनमध्ये. दुसऱ्या बाटलीला चिकटपट्टी लावून पेनाने लिहिलंत, ‘यात फॉर्मॅलिन घालू नये’. वॉर्डबॉयची वाट न बघता स्वतः जिना उतरून लॅबमध्ये देऊन आलात.

फॉर्मॅलिनमध्ये जंतू मरतो, मग कल्चर करायला काही उरत नाही. आधीच्या ठिकाणी त्यांच्या मानेतली गाठ काढून अख्खी त्यातच बुडवली होती. रिपोर्टात ‘ग्रॅन्युलोमा’ (सूजेच्या पेशींचा पुंजका) आलं, आणि त्या एका शब्दावर सहा महिने टीबीच्या गोळ्या. खोकला तसाच, गाठीही तशाच. ग्रॅन्युलोमा टीबीत दिसतो, सारकॉइडोसिसमध्ये (जंतूशिवाय असे पुंजके होणारा आजार, थोडक्यात सारकॉइड) दिसतो, बुरशीच्या संसर्गात दिसतो, लिम्फोमाच्या, म्हणजे लसिका गाठींच्या कॅन्सरच्या, शेजारच्या गाठीतही दिसतो. एवढं तरी त्यांना ठाऊक असायला हवं होतं.

आपल्याकडे आधी टीबी आठवावा, ते बरोबरच. पण पुढे बघायला हवं. सारकॉइडमध्ये फुप्फुसांच्या मुळाशी दोन्ही बाजूंच्या गाठी बहुधा सारख्या वाढतात, ग्रॅन्युलोमा घट्ट असतात, मध्ये सडका भाग सहसा नसतो. टीबीच्या गाठीत सीटी स्कॅनवर पुष्कळदा मधला भाग मेलेला आणि कडा उजळ दिसते. मांटू, म्हणजे टीबीची कातडीवरची चाचणी, अगदी कोरी आली तर पारडं सारकॉइडकडे झुकतं. रक्तातलं एसीई हे एन्झाइम सारकॉइडमध्ये वाढतं, पण टीबीतही वाढू शकतं, त्यावर भिस्त ठेवू नये. सीबीनॅट, म्हणजे टीबीच्या जंतूचा डीएनए शोधणारी तपासणी, दोन तासांत उत्तर देतं, पण गाठीत जंतू थोडे असतात, म्हणून ते निगेटिव्ह आलं तरी टीबी नाही असं म्हणता येत नाही. शेवटी कल्चरच लागतं, आणि तेच तुमच्या बाटलीमुळे होऊ शकलं. सारकॉइडवर स्टेरॉइड देतात, म्हणून आधी खात्री हवी: टीबी असताना नुसतं स्टेरॉइड दिलं तर तो पसरू शकतो. लिम्फोमा असेल तर स्टेरॉइडने गाठी काही काळ आक्रसतात आणि निदान लांबतं.

पेशंट यंत्रमागावर काम करतात, म्हणून सुताच्या धुळीवरही बोट ठेवून झालं होतं. त्या धुळीने सुट्टीनंतरच्या पहिल्या पाळीला छाती आवळते. ग्रॅन्युलोमा होत नाहीत.

मोठ्या यंत्रांचं कौतुक सगळेच करतात. पण समोरच्या नमुन्यामागे एक माणूस आहे, हे ध्यानात ठेवून काम करणारे तुमच्यासारखे लोक असतात, म्हणून ती यंत्रं उपयोगी पडतात. तुमचे मनापासून आभार.

एक राहिलं. त्यांना ‘व्हिटॅमिन डी कमी’ म्हणून दर आठवड्याला 60,000 युनिटची पावडर चालू होती. सारकॉइडच्या गाठी स्वतःच सक्रिय डी तयार करतात, त्यात ही भर. कॅल्शियम 11 च्या वर गेलं होतं. पाकिटं बंद केली आहेत. सोमवारी कॅल्शियम परत तपासायचं आहे, रक्त तुम्हीच घ्या.