गज्यास पत्र : तुह्या सिनेमातल्या कापसात सरकी काऊन नाई?

गज्या लेका,

तुनं तुह्या फिल्मची लिंक पाठवून तीन आठवडे झाले, मधात तुहे पाच मेसेज आले 'पाह्यली का पाह्यली का', अन मी नुसता अंगठा दाखवून मोकळा होत होतो. राग नको धरू. या आठवड्यात वावरातली लाईन रात्रीची आहे, बाराच्या पुढं येते, तर परवा गव्हाले पाणी द्यायले गेलो, मोटर चालू केली, धुऱ्यावर काड्या पेटवून बसलो, कानात हेडफोन घातले अन पाह्यली एकदाची. चौदा मिनिटं. संपली अन लगेच परत लावली. तवर इकडे दांड फुटला अन अर्धं पाणी शेजारच्या तुरीत गेलं, सकाळी त्यानं मले जे ऐकवलं ते तुह्या खात्यावर मांडून ठेवलं आहे.

आता कशी वाटली ते सांगतो, पण मी काही तुह्या पुण्याच्या लोकाइसारखा बोलणार नाई. तू व्हॉइस नोटमधे सांगितलं ना की तिकडे दाखवली तवा एक जण म्हणे शाळा म्हणजे फॅक्टरी, पोट्टे म्हणजे कच्चा माल, तोंडातला कापूस म्हणजे दाबलेला आवाज. खोटं नाई ते. पण कसं आहे, हा अर्थ कोणत्याही शाळेच्या कोणत्याही सिनेमाले लागू होते बे, लग्नातल्या भाड्याच्या कोटासारखा, कोणालेही घाला, थोडा ढिला थोडा तंग बसतेच. अन तुही फिल्म काय कोणत्याही शाळेची आहे? पऱ्हाटीच्या, म्हणजे कापसाच्या, वावरात मधोमध टाटपट्ट्या, भिंती नाई, छप्पर नाई, फक्त एक दार उभं, अन पोट्टे त्या दारातूनच आत येतात. हे पाहून मी एकटाच हसलो रात्री. तुले आठवते का, आपली मागची भिंत पावसात बसली होती अन वर्षभर तशीच होती, सगळं उघडं, ढोरं तिकून आत येत, पण आपण रोज फेरा घालून दारातूनच येत होतो कारण दारात मास्तर उभे राहत. मले हे प्रतीक-बितीक वाटलंच नाई, मले ते आपलं तिसरीचं वर्ष वाटलं.

अन तू मले आधीच बजावून ठेवलं होतं की अर्थ शोधत बसू नको, त्या सिनेमावाल्या बुन्युएल अन चित्रकार दालीनं १९२९ मधे दोघांची स्वप्नं जोडून फिल्म केली तवा नियमच केला होता म्हणे, ज्या चित्राचा तर्कानं अर्थ लागन ते घ्यायचंच नाई. हे तू मले गेल्या पोळ्याले पण सांगितलं होतं, अर्ध्या तासात तीनदा. ठीक आहे. पण त्याइचा नियम त्याइच्यापाशी. तुह्या डोक्यात त्याइच्या स्वप्नासारखं ढगानं चंद्र कापला असं नाई येत, तुह्या डोक्यात कापूस येते. तो कुठून आला हे मले माहीत आहे म्हणून मी बोलणार.

बकरीचं मात्र मले काही समजलं नाई. ते येऊन निकालाचा कागद खाते अन मास्तर तिलेच सही मागते. खूप विचार केला, सरकार म्हटलं, काळ म्हटलं, शेवटी मले असं वाटून राह्यलं की ते शूटिंगच्या वेळी तशीच घुसली असन अन तुनं कट म्हटलं नसन. खरं सांगजो. खरं असन तरी तशीच ठेव, पूर्ण फिल्ममधे तेवढी एकच आहे जे आपल्या मर्जीनं वागते.

घंटेचं छान आहे. रुळाचा तुकडा टांगलेला, मास्तर हाणते, आवाज येत नाई अन सगळ्या पोट्ट्याइची तोंडं एकदम उघडतात. बस, त्यावर जास्त बोलत नाई, ते पाहूनच अंगावर काटा आला. आणखी एक, दाराच्या मागं तुनं पळस फुललेला दाखवला अन पुढं बोंडं फुटून राह्यली आहेत. फरदड, म्हणजे वेचणी झाल्यावरही पऱ्हाटी तशीच दुसऱ्या पिकासाठी, ठेवली असन तर एखाद्या वेळी जमन, नाई तर वेचणी दिवाळीच्या आसपास अन पळस होळीच्या तोंडावर. स्वप्नात चालते म्हणशीन. चालू दे. पळस पाह्यला की माह्या अजूनही पोटात गोळा येते, कारण तो फुलला की वार्षिक परीक्षा, म्हणून मी तक्रार नाई करत.

आता मुद्द्याचं. कापूस.

त्या पोट्ट्याच्या तोंडातून कापूस येते, येतच राहते, मास्तर तो काट्यावर मोजते अन रजिस्टरमधे मार्क लिहिते. अन थुंकीनं ओला झालेला कापूस जड भरते म्हणून जो जास्त घाबरला, ज्याच्या तोंडाले जास्त पाणी सुटलं, त्याले जास्त मार्क! गज्या, हे पाहून मी धुऱ्यावर टाळी वाजवली, कुत्रं भुंकायले लागलं. पुण्याच्या लोकाले हे समजलं नसन पण इथल्या कोणत्याही कास्तकाराले एका सेकंदात समजते. आम्ही सीसीआयच्या, म्हणजे सरकारी कापूस खरेदीच्या, सेंटरवर जातो तर पहिले ओलावा मोजतात, ८ टक्क्याच्या वर गेला की भाव कापतात, १२ च्या वर गेला की बैलबंडी परत. इथं ओल्याचा भाव पडते अन तुह्या शाळेत ओल्यालेच पहिला नंबर. भीतीवर मार्क देणारी शाळा दाखवाची अन एक शब्द बोलाचा नाई, हे तुले जमलं. या एका गोष्टीसाठी तुह्या सगळ्या चुका माफ.

पण एक माफ नाई. तो कापूस मेडिकलमधला आहे बे! पांढराशुभ्र, गुंडाळी सोडल्यासारखा निघते. तुनं वेचला आहे ना कधी, का नाई? वावरातल्या कापसात सरकी असते. तोंडात धरला तर पहिले दाताखाली सरकी येते, मंग पातीचा कचरा टाळूले चिकटते, अन चव काहीच नाई, नुसती धूळ. मी लहानपणी धरला आहे, बोंडाचं सुकं टोक नखात घुसलं की बोट तोंडात घालाचो तवा कापूसही जाय. माह्या मायनं तुही फिल्म पाह्यली तर तिनं एवढंच म्हटलं, "पोट्ट्याच्या घशात अडकन ना गा, पाणी पाजा त्याले कोणी." तिले प्रतीक-बितीक काही नाई, तिले तो खोकून राह्यला हे दिसलं. अन खरा कापूस असता तर तो खरंच खोकलला असता.

शेवटी मास्तर टकळी काढते अन त्याच्या तोंडातूनच सूत कातते, ते सूत दारातून बाहेर जाते, दूर दूर, रस्त्याच्या पार. तू म्हणते तिकडे सगळे म्हणाले मुक्ती. मले काही मुक्ती दिसली नाई. आपल्या जिल्ह्यात टकळी दाखवली की गांधी येणारच. वर्ध्याले १९३७ च्या ऑक्टोबरमधे शिक्षण परिषद झाली होती, तिथूनच ते नई तालीम, गांधीची शिक्षणाची पद्धत, निघालं, झाकीर हुसेनची कमिटी, जे पुढं राष्ट्रपती झाले तेच. सात वर्षं फुकट अन सक्तीचं शिक्षण, मातृभाषेत, अन सगळं एखाद्या हातकामाच्या भोवती. सूत कातता कातता गणित, कापसावरून भूगोल. माहा आजा सांगे, त्यांच्या शाळेत टकळी होती, सूत तुटलं की हातावर छडी. अन तवाच लोकाइनं म्हटलं होतं की पोट्ट्याइच्या कामातून शाळेचा खर्च काढाचा म्हणता तर मंग पोट्टे मजूर नाई होणार का? म्हणजे पाय, गांधी काम शाळेत आणाले निघाले होते अन आपल्या वेळी काम आपल्याले शाळेतून बाहेर काढत होतं, वस्तू तीच, कापूस. तुह्या त्या सुताचा अर्थ मी इथं लावतो. ते बाहेर जात नाई आहे, ते बाहेरून आत आलं आहे अन मास्तरनं फक्त टोक धरलं आहे.

अन कातण्याचं एक सांगतो. सरकीसकट कापूस काही कातता येत नाई. पहिले सरकी काढाव लागते, मंग पिंजाव लागते, पेळू करावे लागतात, तवा कुठं टकळीवर सूत निघते. तुह्या फिल्ममधे ते सगळं कोण करते? तो पोट्टाच करते, आतल्या आत. मंग सरकी कुठं गेली? त्याच्या पोटात! हे तुनं दाखवलंच नाई, कारण तुह्या कापसात सरकीच नव्हती. एक शॉट वाढव, पोट्टा सूत सुटल्यावर टाटपट्टीवर दोन-चार सरक्या थुंकते, काळपट, ओल्या, अन पायानं सांदीत सरकवते. पण त्याले कोंब-बिंब नको आणू हं, मी पाया पडतो. प्रत्येक दुसऱ्या फिल्मच्या शेवटी कोंब येते.

आता जे खरं लिहायचं होतं ते. परवापासून लिहू का नको करून राह्यलो.

हजेरी. मास्तर नंबर घेते अन खाली टाटपट्टीवर कोणी नाई, तरी तिथून 'हजर सर' येते. एक नाई, चार-पाच जागेवरून. तुह्या लोकाइनं म्हटलं भूत, कोणी म्हटलं यंत्र झालेले विद्यार्थी. माह्या पोरीनं, ते आता तिसरीत आहे अन तिच्या अख्ख्या शाळेत अकरा पोट्टे आहेत, बाकी सगळे व्हॅननं इंग्रजी शाळेत जातात, तर तिनं म्हटलं, "बाबा, आमच्याच शाळेची शूटिंग केली का?" तिच्यासाठी रिकामी टाटपट्टी म्हणजे पट कमी, संपलं.

मले तांदूळ दिसला. १५ ऑगस्ट १९९५ ले ते शाळेतल्या पोट्ट्याइले तांदूळ द्यायची योजना सुरू झाली होती, पहिली ते पाचवी, महिन्याले तीन किलो तांदूळ, पण हजेरी ८० टक्के पाहिजे. खिचडी नव्हती तवा, कोरा तांदूळ, पिशवी घेऊन लायनीत. शिजवून द्या हा सुप्रीम कोर्टाचा आदेश २००१ चा, तवर आपण ती शाळा सोडून दिली होती. चौथीत दिवाळीच्या सुट्ट्या संपल्या अन मी गेलोच नाई. सीतादही, म्हणजे पहिल्या वेचणीची वावरातली पूजा, करून वेचणी सुरू झाली होती, बापाची कंबर धरली होती, माय अन मी, सकाळी दव असतानाच कमरेले फडकं बांधून पऱ्हाटीच्या तासात, ओळीत. बावीस दिवस. अन महिन्याच्या शेवटी मले तांदूळ मिळाला, पूर्ण तीन किलो. मी तवा मायले विचारलं होतं, तिनं म्हटलं देते तर घे. मोठा झाल्यावर मले वाटलं मास्तरनं दया केली असन, का रजिस्टर सरळ दिसाव म्हणून केलं असन, जे असन ते. त्याइचं नाव नाई घेत, ते आता नाईत.

पण परवा रात्री हेडफोनमधे पहिला 'हजर सर' आला, डाव्या कानात, अन मी दचकलो. पोट्ट्याचा आवाज काढलेला मोठा माणूस. नाकातला, 'सर' म्हणताना वर चढणारा. मी मागं नेऊन नेऊन सात वेळा ऐकला. तो तुहा आवाज आहे गज्या. फिल्ममधे तुनं स्वतः दिला आहे, हे समजलं. पण मले ते विचारायचं नाई. तू माह्या शेजारी बसत होता टाटपट्टीवर, खिडकीच्या बाजूनं. ते बावीस दिवस मास्तर मान खाली घालून नंबर घेत असतीन अन माह्या नंबरले कोणीतरी 'हजर सर' म्हणत असन. तूच होता का?

एवढी वर्षं सांगितलं काऊन नाई बे? मी तर तुह्यावर तेव्हा नाराज होतो, आठवते का, परत आल्यावर आठ दिवस बोललो नाई, कारण तू वावरात एकदाही आला नाई. अन तू तिकडे रोज माह्या नावानं खोटं बोलून राह्यला होता, पकडला गेला असता तर तुही चामडी सोलली असती. त्या तांदळाचा भात तू आमच्याच घरी खाल्ला होता, फोडणीचा, सांबार म्हणजे कोथिंबीर टाकून, ते पण आठवते मले. तवा तरी सांगाव.

म्हणून ती जागा बदलू नको कोणी काही म्हटलं तरी. एडिटिंगमधे आवाज गूढ-बिढ करू नको, तसाच ठेव, नाकातला. फक्त कापूस बदल. मी एक पोतं वेगळं काढून ठेवलं आहे, शेवटच्या वेचणीचं, कवडी, म्हणजे किडका डागी कापूस, आहे थोडी, पण सरकी चांगली भरलेली आहे. संक्रांतीले येणार आहेस म्हणत होता तर नेजो. बसच्या टपावर टाकता येते, वजन सतरा किलो भरलं, कोरडं.

मोटर बंद करायची वेळ झाली, उठतो.

तुहा,
बाल्या