नशिबाने नाही जिंकले

मा. संपादक,
स. न. वि. वि.

शनिवारच्या अंकात क्रीडापानाच्या अगदी तळाशी वॉशिंग्टन कॅपिटल्स या आइस हॉकी संघाने 2018 चा स्टॅन्ले कप, म्हणजे उत्तर अमेरिकेतल्या एनएचएल लीगचा करंडक, जिंकल्याची बातमी आहे. ‘नशिबाची अखेर साथ’ असं शीर्षक, खाली सात ओळी आणि शेजारी हिरव्या टर्फवर खेळल्या जाणाऱ्या हॉकीचा फोटो. मला ती ई-पेपरवर शोधावी लागली नाही. नागपूरहून बाबांचाच फोन आला, “काय वं पोरी, नशिबानं जिंकली म्हणे तुमची टीम?” बाबा चाळीस वर्षं तुमचाच पेपर घेतात. पेपरात आलं म्हणजे ते खरं, असं ते मानतात. त्या रात्री अर्धा तास मी त्यांच्याशी वाद घातला आणि तरीही त्यांना पटलं नाही. म्हणून हे पत्र.

मी अकरा वर्षांपासून वॉशिंग्टनजवळ रॉकव्हिलला राहते. या अकरा वर्षांत हा संघ वसंतातल्या बाद फेऱ्यांत हरताना इतक्यांदा पाहिला की मे महिना आला की पोटात गोळा यायचा. 2009, 2016, 2017 अशी तीन वर्षं पिट्सबर्गने यांना बाहेर काढलं आणि तिन्ही वर्षी पुढे जाऊन पिट्सबर्गनेच स्टॅन्ले कप उचलला. गेल्या वर्षीचा सातवा सामना तर आमच्या घरच्या रिंकवर (बर्फाच्या मैदानावर) होता, 2-0 ने गेला. तेव्हा यांच्या नशिबाबद्दल तुमच्या पेपरात एक ओळही नव्हती.

या वर्षीची सुरुवातही तशीच झाली. पहिली फेरी कोलंबसविरुद्ध, सातपैकी चार सामने आधी जिंकेल तो पुढे. पहिल्या सामन्यात दोन गोलांची आघाडी होती, ती घालवून जादा वेळेत हरले. 15 एप्रिलच्या रविवारी दुसऱ्या सामन्याला मी आणि माझी बारा वर्षांची मुलगी रिंकवर होतो. पुन्हा दोन गोलांची आघाडी, पुन्हा जादा वेळ, पुन्हा हार. बाहेर पडून गॅलरी प्लेस मेट्रो स्टेशनच्या सरकत्या जिन्यावर आलो तर वरपासून खालपर्यंत नुसत्या लाल जर्सी आणि एकाच्याही तोंडून शब्द नाही. चपलाबुटांचा आवाज तेवढा येत होता. गाडीत समोर एक पांढऱ्या केसांचे गृहस्थ बसले होते. त्यांची जर्सी धुऊन धुऊन गुलाबी झाली होती, कोपराला रफू केलेलं होतं. मुलगी रडत होती. ते तिला म्हणाले की ते 1974 पासून येतात, म्हणजे पहिल्याच मोसमापासून. त्या मोसमात 80 सामन्यांपैकी 8 जिंकले होते आणि 67 हरले होते. उतरताना त्यांनी तिच्या टोपीवर टिचकी मारली आणि म्हणाले, “शनिवारी भेटू.” शनिवारी पाचवा सामना होता. तो होण्यासाठी मधल्या दोनपैकी एक तरी कोलंबसमध्ये जाऊन जिंकावा लागणार होता.

त्यांनी दोन्ही जिंकले. शनिवारचाही जिंकला.

ब्रेडन होल्टबी हा त्यांचा नेहमीचा गोलरक्षक. या मालिकेच्या सुरुवातीला त्याला बसवून ठेवलं होतं. दुसरा सामना हाताबाहेर जाताना त्याला उतरवलं, आणि त्यानंतर तो हटलाच नाही. उपांत्य फेरीत टॅम्पाविरुद्ध सहाव्या आणि सातव्या अशा दोन्ही निर्णायक सामन्यांत त्याने एकही गोल होऊ दिला नाही. अंतिम फेरीच्या दुसऱ्या सामन्यात वॉशिंग्टन 3-2 ने पुढे, दोन मिनिटं उरलेली, लास वेगासच्या ॲलेक्स टकसमोर रिकामा गोल. पक, म्हणजे खेळातली रबरी चकती, आत जाणार हे टीव्हीवर सगळ्यांना दिसत होतं. होल्टबी आडवा झेपावला आणि हातातल्या स्टिकचं रुंद पातं मध्ये घातलं. पक त्या पात्यावर आदळला. मी ते पुन्हा पुन्हा लावून पाहिलं आहे. याला तुम्ही नशीब म्हणता?

आणि तो डेव्हान्टे स्मिथ-पेली. गेल्या उन्हाळ्यात न्यू जर्सीने पैसे मोजून त्याचा करार संपवला होता. इथे नियमित मोसमात त्याचे एकूण 7 गोल, आणि या कपच्या लढतींत परत 7. परवाच्या शेवटच्या सामन्यात 3-3 अशी बरोबरी करणारा गोल त्याचाच, पडता पडता मारलेला. त्यानंतर लार्स एलरने चौथा घातला आणि 44 वर्षांत पहिल्यांदा कप वॉशिंग्टनला आला. त्याआधी एकदाच, 1998 मध्ये, अंतिम फेरी गाठली होती आणि चारही सामने हरले होते.

कप मिळवायला चार फेऱ्यांत चार-चार असे 16 विजय लागतात. यांना त्यासाठी 24 सामने खेळावे लागले. यात नशीब कुठल्या सामन्यात आलं, तेवढं मला तुमच्या वार्ताहरांनी सांगावं.

ओव्हेच्किनला तुम्ही ‘तेरा वर्षं अपयशी ठरलेला कर्णधार’ म्हटलंत. या लढतींत त्याचे 15 गोल आहेत आणि सर्वोत्तम खेळाडूचा मान त्यालाच मिळाला. कप उचलल्यावर त्याने तो सर्वांत आधी निकलस बॅकस्ट्रॉमच्या हातात दिला, जो 2007 पासून त्याच्याबरोबर हरत आला होता. संघातल्या टी. जे. ओशीच्या वडिलांना अल्झायमर होता. बर्फावर उभं राहून रडत रडत ओशी म्हणाला की बाबांना हल्ली फार काही आठवत नाही, पण ही रात्र ते विसरणार नाहीत. सात ओळींतली एक ओळ याला देता आली असती.

याच वर्षी 1 जानेवारीला इंदूरला विदर्भाने पहिल्यांदा रणजी करंडक जिंकला तेव्हा तुम्ही पहिलं पान दिलंत. मी इथे बसून रडले होते. तेव्हा नशीब हा शब्द तुम्ही वापरला नाहीत आणि ते योग्यच केलंत. (त्या वेळी मी पाठवलेल्या पत्रातली शेवटची चार वाक्यं मात्र तुम्ही कापलीत. प्रशिक्षक चंद्रकांत पंडित यांचं नाव त्यातच होतं. ते आजही मला खटकतं.) पहिल्यांदा जिंकणाऱ्यांच्या मागे किती वर्षांची हार असते हे नागपूरच्या पेपराला वेगळं सांगायला नको होतं.

येत्या मंगळवारी इथे विजयाची मिरवणूक आहे. मुलीची शाळा बुडवून आम्ही जाणार आहोत. ती आत्तापासून म्हणते आहे की गुलाबी जर्सीवाले आजोबा गर्दीत सापडतील.

शीर्षकाची आणि फोटोची दुरुस्ती छापावी ही विनंती. छापाल ती नागपूर आवृत्तीत छापा, बाबा तीच वाचतात.

– एक नागपूरकर वाचक,
रॉकव्हिल, मेरिलँड