फेरफटका पुरेसा नाही, बाबा

पुणे

तीर्थरूप आई-बाबांच्या चरणी साष्टांग नमस्कार.

दिवाळीत बडोद्याला दांडिया बाजारातल्या घरी होते, तेव्हा दोन गोष्टी पाहिल्या आणि सणासुदीला नको म्हणून बोलले नाही. जेवण झाल्यावर बाबा खुर्चीतून उठताना टेबलावर दोन्ही तळवे टेकून पुढे झुकले, अर्धे उठून परत बसले आणि दुसऱ्या हेलकाव्याला कसेबसे उभे राहिले. त्या भाराने ताटातली वाटी खणखणली. आईने लोणच्याची बरणी "माझे हात ओले आहेत" असे म्हणत उघडायला माझ्यापुढे केली. हात कोरडे होते, आई.

बाबांचे उत्तर मला ठाऊक आहे: कमाटी बागेत रोज चाळीस मिनिटे चालतो, आता या वयात आणखी काय करायचे? चालणे सोडू नका, ते आपले काम चोख करते. चालताना स्नायूंच्या तंतूंमधले एटीपी, म्हणजे पेशीचे ऊर्जेचे चलन, खर्ची पडून ऊर्जेची चणचण भासू लागली की एएमपीके नावाचे विकर जागे होते, ते पीजीसी-१ अल्फा या प्रथिनाला कामाला लावते आणि त्याच्या सांगण्यावरून पेशीत नव्या मायटोकॉन्ड्रिया, म्हणजे ऊर्जा तयार करणाऱ्या भट्ट्या, तयार होऊ लागतात. शिवाय आकुंचन पावणारा स्नायू साखर आत घेण्यासाठी इन्सुलिनची वाट पाहत नाही; ग्लूट-४ ही साखरेची वाहक प्रथिने तो स्वतःच पृष्ठभागावर आणतो. बाबांची साखर आटोक्यात आहे त्यात बागेचा वाटा नक्कीच असणार.

पण खुर्चीतून उठणे हे निराळ्या तंतूंचे काम आहे. स्नायूत संथ आणि जलद असे दोन प्रकारचे तंतू असतात, आणि संथ चालीला शरीर बहुतांशी संथ तंतूंवरच भागवून नेते. ओटल्यावर पाय अडखळला असता तोल सावरणारे, बरणीचे झाकण फिरवणारे जलद तंतू भार पडल्याशिवाय हाक ऐकतच नाहीत, आणि वयानुसार अधिक बारीक होतात ते नेमके हेच. १९८९ मध्ये आयर्विन रोझेनबर्ग यांनी या झिजेला सार्कोपेनिया हे नाव सुचवले. ग्रीक शब्दांवरून घेतलेल्या या नावाचा अर्थ मांसाचे दारिद्र्य असा होतो. ताकद तर मांसाच्याही आधी ओसरते, कारण पाठीच्या कण्यातले काही चेताकोश निकामी होतात आणि त्यांच्या ताब्यातले स्नायूंचे तंतू पोरके पडतात. त्यांतल्या काहींना शेजारचा चेतातंतू सांभाळतो, बाकीचे वाळून जातात.

तंतूवर खरा ताण पडला की एमटॉर हा रेणू सक्रिय होतो आणि रायबोसोमना, म्हणजे पेशीतल्या विणकरांना, नवी प्रथिने विणण्याचा हुकूम सुटतो. म्हातारपणी स्नायूला हा हुकूम जरा कमी ऐकू येतो, असे म्हणू या: तेवढ्याच जेवणातून तरुण स्नायू जितके प्रथिन बांधतो तितके वृद्ध स्नायू बांधत नाही. भाराचा व्यायाम केल्यावर मात्र पुढचा दिवसभर तरी त्याचे कान उघडे राहतात. दुसरी गोष्ट मला फार आवडते. १९६१ मध्ये अलेक्झांडर माउरो यांनी तंतूच्या आवरणाला बिलगून झोपलेल्या काही पेशी पाहिल्या, ज्यांना उपग्रह पेशी म्हणतात. तंतूला इजा झाली की त्या जाग्या होतात, विभागतात आणि आपले केंद्रक त्याला देऊन टाकतात. वयानुसार जलद तंतूंभोवतालच्या या पेशी कमी होतात, तरी भाराच्या व्यायामाने उरलेल्या जाग्या होतात.

"या वयात" या शब्दांवर माझा रोख आहे. १९९० मध्ये अमेरिकेत सरासरी नव्वद वर्षे वयाच्या, वृद्धाश्रमात राहणाऱ्या दहा अशक्त माणसांना आठ आठवडे पायांनी वजन उचलायला लावले. नऊ जणांनी ते पूर्ण केले, आणि त्यांचे बळ सरासरी १७४ टक्क्यांनी, म्हणजे जवळपास पावणेतीनपट झाले. मांडीचे मांस वाढले नऊच टक्के. उरलेली कमाई मुख्यतः चेतासंस्थेची. २००७ मधल्या एका अभ्यासात सहा महिने, आठवड्यातून दोनदा असा व्यायाम केलेल्या वृद्धांच्या स्नायूतील जनुकांच्या कामाचा नकाशा तरुणांच्या नकाशाकडे सरकलेला दिसला.

त्याच वर्षीचा उलटा पुरावाही आहे: निरोगी वृद्धांना दहा दिवस अंथरुणात ठेवले, तर पायांतले जवळपास एक किलो मांस गेले. पावसाळ्यात बाबा तापाने आडवे झाले तेव्हा "पूर्ण आराम करा" असे आपण सर्वांनीच बजावले, मी तर फोनवरून रोज. ताप चार दिवसांत उतरला, आराम मात्र तीन आठवडे चालला. त्यातला दोष माझाही आहे.

तेव्हा आता असे करा. खुर्ची भिंतीला टेकवा, हात छातीवर बांधा, उठा आणि बसताना घाई न करता चार आकडे मोजत खाली या; आधी पाच वेळा, मग आठ, असे दोन फेरे, एक दिवसाआड. श्वास रोखू नका, रक्तदाब चढतो. आईने ओला टॉवेल दोन्ही बाजूंना पिळायचा आणि पाण्याच्या बाटल्या उचलायच्या. रक्तदाबाच्या गोळ्या आणि मूत्रपिंडाचा अहवाल डॉक्टरांना दाखवून मगच सुरुवात करा. खालची प्रथिनांची गोष्टही त्यांनाच विचारा.

कारण विणायला सूत हवे. निरोगी वृद्धांनी दर किलो वजनामागे दिवसाला १ ते १.२ ग्रॅम प्रथिन घ्यावे असे तज्ज्ञ सांगतात, म्हणजे साठ किलोच्या बाबांना साठ ते बहात्तर ग्रॅम. रात्रीच्या चहा-खाखऱ्यात ते भरत नाही, आणि आईच्या एकादशीच्या साबुदाण्यात तर जवळजवळ नाहीच. दही, पनीर, जाडसर वरण असू द्या. आपल्या बडोद्याच्या सेव-उसळीतली सेव बाबांनी बाजूला ठेवली, तर उरलेली उसळ औषधासारखी आहे; पण ते सेव ठेवणार नाहीत, हेही मी जाणते.

आजोबा जुम्मादादा व्यायाम मंदिरात जायचे, त्यांची करेल्यांची, म्हणजे फिरवायच्या जड मुद्गलांची, जोडी अजून माळ्यावर पडलेली आहे. ती तूर्त खाली काढू नका, तुम्हांला जड होईल. संक्रांतीला मी येईन तेव्हा काढू. तोवर दर रविवारच्या फोनवर हवापाण्याआधी एवढेच सांगा, की टेबलाला हात न लावता किती वेळा उठलात.

तुमची,
धाकटी