फॉर्म मीच भरला नाही, बाबा

प्रिय आई-बाबा,

फोनवर जमलं नाही म्हणून लिहितेय. बाबा, सातारा हिल हाफ मॅरेथॉनचं रजिस्ट्रेशन फुल झालं असं मी तुम्हाला सांगितलं ते खोटं होतं. मी फॉर्म उघडलाच नाही. तुम्ही नुसतं "बरं, पुढच्या वर्षी बघू" म्हणालात आणि तेव्हापासून माझं कशात लक्ष लागत नाहीये. २०१२ ची पहिली हिल हाफ पळलेला माणूस तुम्ही, ते मेडल अजून देवघराशेजारच्या खिळ्याला आहे, तुमच्याशी असं वागायला नको होतं.

पण फॉर्म भरणार नाहीच, तेवढं ऐकून घ्या. आणि आईवर चिडू नका, तुम्ही गुपचूप पळताय अशी चहाडी तिने केलेली नाही. पाडव्याला आले तेव्हा तुळशीमागे तुमचे बूट दिसले, मातीने माखलेले, उजव्याची टाच बाहेरच्या अंगाने पार झिजलेली, डाव्याची मात्र नीट. म्हणजे खुबा बदलल्यावर पाय अजून सरळ पडत नाहीये ना बाबा? त्याचा फोटो घेऊन मी एकटीच डॉक्टरांना भेटून आले. ते म्हणाले पळूच नका असं मी म्हणत नाही, आयुष्यभर पळालेत, पण आधी कंबरेची आणि मांडीची ताकद यायला हवी, मग सपाट मातीवर, थोडं चालायचं थोडं पळायचं. चालतानाच खुब्यावर वजनाच्या अडीच-तीन पट भार येतो, पळताना पाच पट किंवा त्याहून जास्त, आणि हिल हाफमधला यवतेश्वरचा घाट उतरताना तर प्रत्येक पाऊल आदळतं. नव्या खुब्याच्या आतली वाटी प्लास्टिकची आहे, हल्लीचं प्लास्टिक चांगलं टिकतं म्हणे, पण ती झिजली किंवा हाडात बसवलेली दांडी सैल झाली तर पुन्हा ऑपरेशन, आणि दुसरं पहिल्यापेक्षा अवघड असतं. पहिल्या वेळी मी चारच दिवस थांबले, आई एकटीने सगळं निभावत होती, ते मला विसरता येत नाही.

म्हणून असं ठरवलंय. जानेवारीत मुंबई मॅरेथॉनला सिनियर सिटिझन्सची वेगळी रन असते, चार किलोमीटरच्या आसपास, त्याचा फॉर्म उघडला की मी भरणार, तुम्हाला विचारत नाहीये. उतरायचं आत्याकडे. तिच्याकडे आता कमोड आहे, लिफ्ट पण झालीये, तुमच्यासाठी उंच पलंग ती रिकामा करून देणार आहे, आणि तुमचा पहाटेचा कोरा चहा मी करेन. गर्दीत तुम्हाला एकटं सोडणार नाही, आई आणि मी शेवटाला उभ्या असू.

लहानपणी शाहू स्टेडियमवर तुमचं घड्याळ माझ्या हातात देऊन पळायचात, आठवतंय? मला आकडे नीट वाचता यायचे नाहीत, मी काहीही सांगायचे आणि तुम्ही "अरे वा" म्हणायचात. परत येताना स्कूटरवर पुढे उभी राहून मी झोपायचे आणि तुम्ही एका हाताने माझं कपाळ धरायचात. पळायचं बंद झालेले बाबा मला पण बघवणार नाहीत हो, खरंच.

आता ऐका. जमिनीवर मांडी घालून जेवायचं नाही, पाहुणे असले तरी नाही. खालच्या कप्प्यातला डबा आईने काढायचा नाही, तिचे गुडघे काय कमी आहेत का, बाईंना सांगायचं. फिजिओ आठवड्यातून दोनदा, बुडवायचा नाही, पैसे मी भरलेत. मांडीत किंवा जांघेत दुखलं तर त्याच दिवशी थांबायचं आणि मला सांगायचं, लपवायचं नाही. दाताच्या डॉक्टरांना खुबा बदललाय हे आधी सांगायचं. आणि आई, तू ते मळके मोजे गुपचूप धुणं बंद कर.

शनिवारी पहिल्या एसटीने येतेय. नवे बूट घ्यायला बरोबर जाऊ. जुने टाकू नका बाबा, दुकानात दाखवायचेत.

तुमची,
ताई