पाळणा थांबवायचा तो फक्त बाईनेच का? सार्वजनिक आरोग्य मंत्र्यांना खुले पत्र

मा. सार्वजनिक आरोग्य मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

विषय : लोकसंख्या नियंत्रणाच्या कायद्याऐवजी पुरुष नसबंदीची आणि पाळणा लांबवण्याच्या साधनांची सोय करण्याबाबत

महोदय,

११ जुलैचा लोकसंख्या दिन जवळ आला की दोन मुलांच्या सक्तीचा कायदा करा, ही मागणी पुन्हा वर येते. आम्ही ग्रामीण भागात कुटुंबकल्याणाचे काम करणारे डॉक्टर, आरोग्यसेविका आणि आरोग्यसेवक आहोत. असा कायदा करू नका, आणि त्यावर खर्च होणारी ताकद कुठे लावावी, हे सांगायला हे पत्र लिहीत आहोत.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) महाराष्ट्राचा एकूण जननदर, म्हणजे एका स्त्रीला आयुष्यात सरासरी होणारी मुले, १.७ आला. लोकसंख्या स्थिर राहायला तो साधारण २.१ लागतो. म्हणजे कायदा जे करायला सांगणार, ते इथल्या जोडप्यांनी आपणहून केले आहे. तरीही लोकसंख्येचा आकडा वाढतो, कारण मागच्या पिढीत जन्मलेली मुले आज मोठ्या संख्येने आईबाप होण्याच्या वयात आहेत. त्यांनी दोनच मुले होऊ दिली तरी काही वर्षे वाढ दिसत राहणार. तो वेग कमी करायचा एकच सभ्य मार्ग आहे : लग्न उशिरा, पहिले मूल उशिरा, दोन मुलांत अंतर. विसाव्या वर्षी आई होण्याची रीत असेल तर शंभर वर्षांत पाच पिढ्या होतात, पंचविसाव्या वर्षी असेल तर चार. याच सर्वेक्षणानुसार राज्यातल्या २० ते २४ वयाच्या सुमारे २२ टक्के स्त्रियांचे लग्न अठराच्या आत झाले होते. परभणीत हे प्रमाण ४८ टक्के होते. सतराव्या वर्षी लग्न, एकविसाव्या वर्षापर्यंत दोन मुले आणि लगेच शस्त्रक्रिया, अशा मुलीने दोन मुलांचा नियम अगदी तंतोतंत पाळलेला असतो. कायद्याला तिच्याबाबत काही म्हणायचे नसते. आम्हाला आहे.

आपल्याकडे अंशतः हा कायदा आहेच. १२ सप्टेंबर २००१ नंतर तिसरे मूल झाले तर ग्रामपंचायत, पंचायत समिती, जिल्हा परिषद यांची निवडणूक लढवता येत नाही. २००५ च्या लहान कुटुंबाच्या नियमांनी सरकारी नोकरीलाही तीच अट लावली. हरियाणा, मध्य प्रदेश, छत्तीसगड, हिमाचल प्रदेश यांनी पंचायतीतली अशी अट मागे घेतली, २०२४ मध्ये आंध्र प्रदेशनेही घेतली. मुले दोनच आणि त्यात एक मुलगा हवाच, या दोन गोष्टी एका घरात आल्या की सोनोग्राफीचा दरवाजा ठोठावला जातो. बीड जिल्ह्यात ० ते ६ वयोगटात हजार मुलांमागे २००१ मध्ये ८९४ मुली होत्या, २०११ मध्ये ८०७ उरल्या. यामागे एकटी ही अट आहे असे आम्ही म्हणत नाही. पण मुलाचा हट्ट तसाच ठेवून मुलांची संख्या तेवढी सक्तीने कमी केली, तर त्याची किंमत मुलीच मोजतात.

आता मुख्य मुद्दा. राज्यातल्या दर शंभर विवाहित स्त्रियांपैकी ४९ जणींनी स्वतःची नसबंदी करून घेतली आहे. जिथे नवऱ्याची नसबंदी झाली आहे, अशा स्त्रियांचे प्रमाण ०.४ टक्के, म्हणजे हजारात चार. बाईच्या शस्त्रक्रियेत पोट उघडावे लागते, दुर्बिणीतून करायची तर पोटात वायू भरावा लागतो. पुरुषाची बिनटाक्याची नसबंदी त्याहून सोपी आणि कमी धोक्याची आहे. लिग्नोकेनचे इंजेक्शन देऊन जागा बधिर करायची, कड्याच्या चिमट्याने वीर्यनलिका कातडीखाली पकडायची, टोकदार चिमट्याने मधोमध एकच छिद्र पाडायचे, नलिका बाहेर घेऊन तिचा सुमारे एक सेंटिमीटरचा तुकडा कापायचा, टोके बांधायची, मग त्याच छिद्रातून दुसरी बाजू. टाका घालावा लागत नाही. सरावलेल्या हाताला दहा-पंधरा मिनिटे पुरतात. अर्ध्या-एक तासाने माणूस घरी जातो, दोन दिवस विश्रांती घेतो, लंगोट बांधतो आणि आठवडाभर जड ओझे उचलत नाही. एमबीबीएस डॉक्टर प्रशिक्षण घेऊन हे करू शकतो, भूलतज्ज्ञ लागत नाही.

एवढे सोपे असून पुरुष का येत नाहीत? पहिले कारण सगळ्यांना माहीत आहे. १९७६-७७ या एका वर्षात देशात सुमारे ६२ लाख पुरुषांची नसबंदी झाली, त्यातल्या कितीतरी सक्तीने. त्याच काळात, १९७६ मध्ये, आपल्या विधिमंडळाने सक्तीच्या नसबंदीचे विधेयकही मंजूर केले होते. राष्ट्रपतींची संमती न मिळाल्याने ते अमलात आले नाही. ती दहशत आणि 'कमजोरी येते' हा समज नातवंडांपर्यंत पोचला आहे. सक्तीने एक चांगली शस्त्रक्रिया पन्नास वर्षे बदनाम केली. नवा कायदा हेच पुन्हा करेल.

बाकीची कारणे मात्र आपल्या खात्याच्या हातातली आहेत. पुरुष नसबंदी पंधरवडा दर वर्षी २१ नोव्हेंबर ते ४ डिसेंबरला असतो. तेव्हा बीड, परभणी, जालन्यातले ऊसतोड मजूर गाव सोडून कारखान्यांच्या पट्ट्यात फडावर गेलेले असतात. मग गावात पत्रके कुणाला वाटायची? त्यात ती थंडी. शस्त्रक्रियेची खोली गार असेल आणि धुण्याचे पाणी थंड असेल तर अंडकोषाची कातडी आकसते, नलिका हाती लागत नाही, दहा मिनिटांचे काम लांबते, दुखते, आणि तो माणूस गावात जाऊन तेच सांगतो. खोली उबदार हवी, पाणी कोमट हवे. यादीत एक हीटर लिहायचा, एवढेच काम आहे.

सगळ्यात मोठी चूक शस्त्रक्रियेनंतर होते. नसबंदी झाली म्हणजे त्या दिवसापासून धोका संपला, असे नसते. कापलेल्या जागेच्या पुढे शुक्राणू साठलेले असतात, म्हणून तीन महिने निरोध वापरायचा आणि मग वीर्य तपासून घ्यायचे. शुक्राणू नाहीत असे दिसले तरच प्रमाणपत्र. बहुतेक ठिकाणी तीन महिन्यांनी त्या माणसाला कोणी बोलावतच नाही. मधल्या काळात बायकोला दिवस गेले तर घरात संशय तिच्यावर येतो आणि गावात शस्त्रक्रियेवर. ही तपासणी प्राथमिक आरोग्य केंद्रात होऊ शकते. थुंकी तपासायचा सूक्ष्मदर्शक तिथे आहे, तंत्रज्ञ आहे. ताजा नमुना, काचपट्टी आणि एकांताची एक खोली, एवढेच लागते. तारीख शस्त्रक्रियेच्या दिवशीच कार्डावर लिहा आणि ती पाळून घ्यायचे काम पुरुष आरोग्यसेवकाला द्या. आज हा सगळा विषय आशाताईंच्या गळ्यात आहे. त्या बायकांशी बोलतात; दुसऱ्याच्या नवऱ्याशी पारावर बसून हे बोलणे गावात त्यांना शक्य नसते.

पाळणा लांबवण्याच्या साधनांचेही असेच आहे. अंतरा हे गर्भनिरोधक इंजेक्शन दर तीन महिन्यांनी, म्हणजे एका बाईला वर्षाला चार. उपकेंद्रात वीस बाया असतील तर ऐंशी कुप्या हव्यात, वर थोडा राखीव साठा. दुसऱ्या डोसला साठा संपला की ती बाई परत येत नाही. सुई दिल्यावर जागा चोळायची नाही, औषध लवकर शोषले जाते. हे प्रत्येक सेविकेला ठाऊक हवे. पाळी अनियमित होईल किंवा थांबेल, बंद केल्यावर दिवस राहायला काही महिने लागतील, हे आधी सांगितले तर बाई टिकते, नंतर सांगितले तर घाबरून सोडते. छाया ही गर्भनिरोधक गोळी पहिले तीन महिने आठवड्यातून दोनदा आणि पुढे एकदा; चौथ्या महिन्याच्या या बदलातच घोळ होतो, म्हणून तेव्हा घरभेट हवीच. बाळंतपणानंतर ४८ तासांच्या आत बसवायची तांबी उत्तम, पण तिची संमती कळा सुरू असताना विचारायची नसते. ती गरोदरपणाच्या तपासणीतच, नवऱ्याला समोर बसवून विचारावी. आणि तांबी गर्भाशयाच्या वरच्या टोकापर्यंत नेली नाही तर गळून पडते, हे प्रशिक्षणात हाताने करून घ्यावे लागते.

किती शस्त्रक्रिया व्हायलाच हव्यात, अशी उद्दिष्टे केंद्राने १९९६ मध्ये रद्द केली. 'अपेक्षित पातळी' या नावाने ती आढावा बैठकीत अजून बसलेली आहेत, आणि मार्चअखेर आली की 'केस आणा' सुरू होते. घाईचे काय होते ते २०१४ च्या नोव्हेंबरात छत्तीसगडमधल्या बिलासपूरजवळ दिसले : एका शिबिरात काही तासांत ८३ स्त्रियांच्या शस्त्रक्रिया उरकल्या, त्यातल्या १३ जणी दगावल्या. दिवसाला तीसची मर्यादा तेव्हाही कागदावर होती. सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये अशी शिबिरे तीन वर्षांत बंद करायला सांगितले.

आमच्या मागण्या थोड्या आहेत. प्रत्येक ग्रामीण रुग्णालयात महिन्यातून एक ठरलेला वार पुरुष नसबंदीसाठी वर्षभर ठेवा. हंगामात तीच सोय साखर कारखान्यांच्या परिसरात न्या, आणि पंधरवडा ऊसतोडीच्या जिल्ह्यांत मजूर परतल्यावर घ्या. तालुक्याला किमान दोन डॉक्टर या शस्त्रक्रियेत तयार करा आणि त्यांची बदली करताना जागी दुसरा तयार आहे का, ते पाहा. आढावा बैठकीत शस्त्रक्रियांच्या आकड्याआधी दोन रकाने विचारा : तीन महिन्यांनी वीर्यतपासणी किती जणांची झाली, आणि अंतराचा दुसरा डोस किती जणींना मिळाला.

१९२१ साली र. धों. कर्वे यांनी मुंबईत संततिनियमनाचे केंद्र उघडले तेव्हा त्यांच्या पाठीशी कायदा नव्हता, सरकार नव्हते. आपल्या पाठीशी गावोगावी उपकेंद्रे आहेत. पुढच्या पंधरवड्याचे परिपत्रक निघण्याआधी या मागण्यांवर बैठक बोलवावी. आम्ही नोंदी आणि कार्डांचे नमुने घेऊन येऊ.

आपले,
कुटुंबकल्याण कार्यक्रमात काम करणारे डॉक्टर, आरोग्यसेविका व आरोग्यसेवक