टीव्ही टांगायच्या आधी भिंत वाजवून बघा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

पत्र जरा लांबलंय पण जमलं तर पूर्ण छापा, कारण लातूर काय, नांदेड काय, संभाजीनगर काय, सगळीकडं आता घराघरात पोकळ पार्टिशनच्या भिंतीवर जड टीव्ही टांगणं चाललंय.

आमच्या लातुरात नीट-जेईईच्या क्लासला बाहेरगावची पोरं येतात, त्यामुळं गल्लीतल्या बऱ्याच जणांनी हॉल अर्धा करून भाड्याची खोली काढली, मीपण काढली. विटांची भिंत घातली तर स्लॅबवर वजन आणि महिनाभर पसारा, म्हणून पीओपीवाल्याकडून जिप्समचं पार्टिशन करून घेतलं. दोन दिवसात भिंत उभी, रंग मारल्यावर आतून पोकळ आहे हे कुणाला कळतपण नाही. मग दिवाळीत 55 इंची टीव्ही घेतला, वजन 18 किलो. बसवायला आलेल्या पोरानं भिंत कशाची आहे विचारलं नाही आणि मीपण सांगितलं नाही, त्यानं नेहमीसारखं ड्रिल मारलं, प्लास्टिकच्या गिट्ट्या ठोकल्या, स्क्रू पिळले आणि वीस मिनिटांत टीव्ही चालू. चार महिने नीट होता. मग एका दुपारी ब्रॅकेटसकट, बोर्डाचा ताटाएवढा तुकडा घेऊन खाली आला. माझी चार वर्षांची नात रोज बरोबर त्याच जागी खेळणी मांडून बसते, त्या वेळी ती आजीजवळ जेवायला बसली होती.

आवाज ऐकून पलीकडच्या खोलीतला विद्यार्थी धावत आला. मी त्याच्या खोलीत जाऊन बघतो तर त्यानं त्याच भिंतीला पुस्तकांचं रॅक लावलेलं, तसल्याच गिट्ट्यांवर, आणि रॅकच्या खाली त्याची उशी. फिजिक्स-केमिस्ट्रीची ती जाडजूड पुस्तकं मी उभ्या उभ्या खाली काढली, हात थरथरत होते. दुसऱ्याचं लेकरू आपल्या भरवशावर आपल्या घरात झोपायलंय हो.

आपल्या हाताला सवय आहे ती जुन्या भिंतींची. औसा तालुक्यातल्या आमच्या जुन्या वाड्याची भिंत दगडमातीची, दोन हात रुंद, तिच्यात खुंटी ठोका आणि काहीही टांगा, पिढ्या गेल्या तरी हलत नव्हती. त्याच भिंती आणि वरचं मातीचं माळवद 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपात झोपलेल्या माणसांवर आलं, त्यामुळं हलकी भिंत वाईट असं मी अजिबात म्हणणार नाही. पण हलक्या भिंतीवर जड वस्तू टांगायची रीत वेगळी आहे आणि ती आपण शिकलोच नाही. आणि 2024 मध्ये हिंगोलीकडचे धक्के परभणी-नांदेडपर्यंत जाणवले होते, तेव्हा आमच्या भागात भिंतीवरची वस्तू पक्की असणं ही काही हौसेची गोष्ट नाही.

नंतर एका जाणत्या सुतारानं मला भिंत उघडून दाखवली. जिप्समचा बोर्ड फक्त साडेबारा मिलिमीटर जाड, त्याच्यामागं पत्र्याचे उभे चॅनल, साधारण दोन-दोन फुटांवर, आणि मधी नुसती हवा. प्लास्टिकची गिट्टी विटेत का धरते, तर स्क्रू आत गेला की ती फुगते आणि विटेला घट्ट दाबून बसते. पोकळ भिंतीत तिला दाबायला मागं काहीच नाही, ती बोर्डाच्या तेवढ्याशा जाडीवर कशीबशी बसते आणि रोज थोडी थोडी सैल होते. त्यात माझं ब्रॅकेट टीव्ही पुढं ओढता येणाऱ्या हाताचं. इथला हिशोब त्यानं मला कागदावर करून दिला: 20 किलोचा टीव्ही भिंतीपासून 50 सेंटीमीटर पुढं ओढला आणि भिंतीवरची पट्टी 25 सेंटीमीटर उंच असली, तर वरच्या स्क्रूंना बाहेर खेचणारा जोर 40 किलोचा होतो, म्हणजे टीव्हीच्या वजनाच्या दुप्पट. मी तर बेडवरून दिसावा म्हणून रोज ओढत होतो. पोकळ भिंतीला भिंतीशी चिकटून बसणारं साधं ब्रॅकेटच घ्या.

ओळखायचं कसं, तर आधी बोटाच्या पेरानं वाजवा, डबडब आवाज आला की पोकळ. ड्रिल अर्धा इंच जाऊन एकदम भसकन आत गेलं आणि पांढरी भुकटी पडली तर तिथंच थांबा. लोहचुंबक भिंतीवर फिरवलं तर बोर्डाच्या स्क्रूंवर चिकटतं आणि उभ्या रांगेत चिकटत गेलं की तिथं चॅनल आहे. पण चॅनलचा पत्रापण अर्धा मिलिमीटर, साधा स्क्रू त्यात गरगर फिरतो, म्हणून जड टीव्हीसाठी सगळ्यात चांगलं म्हणजे पार्टिशन बंद करायच्या आधीच टीव्हीच्या जागी दोन चॅनलच्या मधी 18 मिलिमीटरचा प्लाय स्क्रूनं पक्का करून घेणं. पार्टिशन होऊन गेलं असंल तर तेवढा बोर्ड कापून प्लाय टाकता येतो, मी तेच केलं. तेही नको असंल तर बाहेरून रुंद प्लाय लावून तो तीन चॅनलला पकडायचा आणि ब्रॅकेट त्या प्लायवर. दुकानात पंख उघडणारे टॉगल बोल्ट मिळतात, ते बोर्डाच्या मागं उघडून पकडतात, पण नुसत्या बोर्डावर 18 किलो आणि वर ओढाताण, याला माझं मन धजत नाही.

पोकळ सिमेंट ब्लॉकच्या भिंतीत ड्रिलचा हॅमर, म्हणजे ठोके मारणं, बंद ठेवा, नाहीतर आतून ढलपा निघतो आणि बाहेरून दिसतपण नाही. स्विच बोर्डाच्या सरळ वर-खाली भोक पाडू नका, तिथून वायर गेलेली असते. आणि टीव्ही अडकवायच्या आधी रिकामं ब्रॅकेट दोन्ही हातांनी खाली आणि बाहेर जोर लावून ओढून बघा, जरा जरी हललं तर टीव्ही लावूच नका. माझा तर सल्ला आहे की घरात विटांची एखादी भिंत असंल तर टीव्ही तिकडंच लावा, बैठक फिरवून घ्या.

बिल्डर आणि पीओपीवाल्यांना हात जोडून विनंती आहे की पार्टिशन देताना एक साधा कागद द्या, कुठली भिंत कशाची, चॅनल कुठं, प्लाय कुठं, त्याला काय खर्च येत नाही. खोल्या भाड्यानं देणाऱ्या माझ्यासारख्यांनी आज रात्रीच पोरांची कॉट भिंतीवरच्या रॅकच्या खालून सरकवून घ्यावी. आणि टीव्ही विकणाऱ्या दुकानदारांनी माणूस पाठवायच्या आधी फोनवरच विचारावं, "भिंत कशाची आहे?"

आपला,
एक घरमालक आणि आजोबा, लातूर